अहमदाबादच्या पोळांतून : पायी वाचलेले एक शहर

आपला मध्यमवर्ग अलीकडे पुष्कळ प्रवास करू लागला आहे, ही आनंदाचीच गोष्ट आहे. शिक्षक, कारकून, बँकेतील नोकरदार अशी माणसे पूर्वी फार तर काशीयात्रेपुरती घराबाहेर पडत. आता रजा-प्रवास सवलतीच्या आधारे ती काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जाऊन येतात. परंतु प्रवास वाढला तसे पाहणेही वाढले काय, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर देणे अवघड जाईल. बस थांबते, ‘वीस मिनिटांत परत या’ असे बजावले जाते, आपण खाली उतरतो, छायाचित्र काढतो, चहा घेतो आणि पुन्हा बसमध्ये चढतो. रात्री वहीत नोंद होते की अमुक गाव पाहिले. त्या गावात माणसे कशी राहतात, पाणी कोठून येते, गल्ल्या वाकड्या का आहेत, यातले काहीही आपल्याला कळलेले नसते.

प्रस्तुत लेखक याला अपवाद नाही. अहमदाबादला त्याच्या तीन-चार खेपा झाल्या होत्या. साबरमतीचा आश्रम, सिदी सय्यदच्या मशिदीची दगडी जाळी आणि रेल्वे स्टेशन एवढ्या तीन ठिकाणांवर त्याचे अहमदाबाद संपत असे. गेल्या हिवाळ्यात एका नातलगाकडील लग्नाच्या निमित्ताने पुन्हा जाणे झाले. लग्नघरात सकाळी पुरुषमाणसांना काम नव्हते. तेव्हा यजमानांच्या मुलाने सुचवले की जुन्या शहरातून वाटाड्याबरोबर पायी हिंडण्याचा एक उपक्रम आहे, त्यात जाऊन या. अडीच तासांचा वेळ काढायचा एवढ्याच हेतूने लेखक गेला. परत आला तो अनेक दिवस स्वस्थ बसू शकला नाही. हा लेख त्या अस्वस्थतेतून लिहिला आहे.

चौकातून चौकात

अहमदाबाद महानगरपालिकेने हा पायी फेरफटका १९९७ च्या नोव्हेंबरात सुरू केला. काळुपुरातील स्वामिनारायण मंदिराशी सकाळी आठच्या सुमारास मंडळी जमतात आणि गल्ल्यांमधून वाट काढत जामा मशिदीपाशी फेरी संपते. मंदिरापासून मशिदीपर्यंतची ही वाट आखण्यात एक विचार आहे. पण तो भाषणातून कोणी सांगत नाही, चालता चालता तो आपोआप ध्यानात येतो. आमच्या घोळक्यात पंधराएक माणसे होती : वास्तुशास्त्राचे दोन विद्यार्थी, सुरतेचे एक कुटुंब, एक परदेशी जोडपे आणि इतर आमच्यासारखे वेळ काढायला आलेले. वाटाड्या तरुण होता आणि स्वतः एका पोळीत वाढलेला होता.

‘पोळ’ या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाला सांगावयास हवा. पोळ म्हणजे एका मोठ्या दरवाज्याआड वसलेली घरांची वस्ती. आत एक मुख्य गल्ली, तिला फुटलेले फाटे, मध्ये चौक आणि एका बाजूला पाखरांना दाणे टाकण्यासाठी खांबावर उभारलेला चबुतरा. एकेका पोळीत बहुधा एकाच जातीची वा धंद्याची कुटुंबे राहत. रात्री दरवाजा बंद झाला की आतली वस्ती म्हणजे एक लहानसे गावच. संकटकाळी एका पोळीतून दुसरीत निसटण्यासाठी घरांमधून वाटा असत आणि त्या आतल्या माणसांनाच ठाऊक असत. फाटकाशेजारी फळा असतो. त्यावर मृत्यूच्या वार्तेपासून वर्गणीच्या आवाहनापर्यंत सर्व मजकूर खडूने लिहिला जातो.

आमच्या वाटाड्याने एका जुन्या घराच्या चौकात आम्हांला उभे केले आणि पायांखालच्या फरशीवर टाच आपटून दाखवली. आवाज पोकळ आला. खाली टाके होते. पावसाचे पहिले पाणी वाहून जाऊ द्यायचे, मग छपरावरचे स्वच्छ पाणी तांब्याच्या नळीने या टाक्यात सोडायचे, तेच वर्षभर प्यायचे, अशी योजना. घराच्या ओटल्यावर भाजी निवडीत बसलेल्या वृद्ध बा म्हणाल्या, “भाई, नळ आला आणि आम्ही टाके विसरलो. एखाद्या उन्हाळ्यात नळ रुसला की आठवण येते.” घरांची रचना सागवानी लाकडाच्या चौकटीची, मधल्या भिंती विटांच्या. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत कोसळल्या त्या मुख्यतः नव्या बहुमजली काँक्रीटच्या इमारती. ही जुनी घरे पुष्कळशी हलली, तडकली, पण उभी राहिली, असे तो सांगत होता. लाकडाच्या चौकटीला धक्का सोसण्याची लवचीकता असते, हे त्याने एका खांबाचा सांधा बोटाने दाखवून समजावून दिले. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कोणालाही हेवा वाटावा, असा तो पाठ होता.

कवी दलपतरामांच्या चौकात त्यांचा पुतळा ओटीवर बसलेला आहे. जणू घरचाच माणूस सकाळच्या उन्हात येऊन टेकला आहे. अलेक्झांडर फोर्ब्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८४८ साली अहमदाबादेत ‘गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटी’ स्थापन केली आणि पुढे दलपतरामांनी तिचा कारभार अनेक वर्षे सांभाळला. १८४८ हा आकडा ऐकताच लेखकाच्या मनात दुसरेच घर उभे राहिले. त्याच वर्षी पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली होती. राष्ट्रीय स्मारकासाठी म्हणून तो वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडण्यात आला. स्मारक व्हावे यात दुमत नाही. परंतु ज्या खोल्यांत त्या मुलींनी पाटी हातात धरली, त्या खोल्या आधी अनेक दशके ढासळू दिल्या गेल्या, हेही विसरता येत नाही.

तुमची-आमची जुनी ओळख

वाटाड्याने प्रत्येकाला त्याचे गाव विचारले होते. लेखकाने पुणे असे सांगताच तो हसून म्हणाला, “म्हणजे साहेब, तुमची-आमची जुनी ओळख आहे.” पुढच्या चौकात त्याने ती ओळख सांगितली.

१७२५ साली गुजरातच्या सुभेदारीवरून मोगल सरदारांत भांडण जुंपले होते आणि मराठी फौजा त्यात एका बाजूने उतरल्या होत्या. अहमदाबादच्या लुटीचा प्रसंग आला. तेव्हा नगरशेठ खुशालचंद यांनी पदरचे द्रव्य मोजून शहराची लूट टाळली. शांतिदास झवेरी या प्रसिद्ध सावकाराचे ते नातू. शहरातील व्यापाऱ्यांनी या उपकाराची जाणीव ठेवून मालावर शेकडा चार आणे हक्क त्यांच्या घराण्याला लावून दिला. पुढे १७५८ पासून १८१७ पर्यंत शहर पेशवे आणि गायकवाड यांच्या संयुक्त अमलाखाली राहिले. वसूल दोन धन्यांत वाटला गेला, करांचे ओझे वाढले, व्यापार बसला आणि पुष्कळ वस्ती उजाड झाली.

हे सांगताना त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. परंतु आढेवेढेही नव्हते. लेखकाला मात्र क्षणभर कानकोंडे झाल्यासारखे वाटले. गुजरातच्या स्वाऱ्यांचा धडा आपण सगळ्यांनी शाळेत वाचला आहे. लेखकाने तर तो कित्येक वर्षे शिकवला आहे. नकाशावर पुण्याहून निघून नर्मदा ओलांडणारा बाण काढायचा, स्वारीचे साल पाठ करून घ्यायचे आणि ‘मराठी सत्तेचा विस्तार’ असे शीर्षक द्यायचे. तो बाण ज्या गल्लीत जाऊन पोहोचला, त्या गल्लीत उभे राहून त्याची दुसरी बाजू ऐकण्याचा प्रसंग तीस वर्षांत आला नव्हता. पुस्तकात ती कोठे नव्हतीच असे नाही. पण वाचलेली गोष्ट आणि तिच्या जागेवर उभे राहून ऐकलेली गोष्ट यांत अंतर असते.

या वाटाड्याचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. सुलतान अहमदशहाने शिकारी कुत्र्यावर उलटणारा ससा पाहिला आणि येथे शहर वसवायचे ठरवले, ही कथा त्यानेही सांगितली. पण सांगताना तो म्हणाला, “ही दंतकथा आहे. शहर १४११ साली वसले, हा इतिहास आहे. दोन्ही घेऊन जा, मात्र वेगवेगळ्या खिशांत ठेवा.” आपल्या गडांवर आणि देवळांत जे वाटाडे भेटतात, त्यांच्यापैकी किती जण हा भेद पाळतात? प्रत्येक भुयार तीस कोसांवर निघते आणि प्रत्येक हौदात खजिना पुरलेला असतो. ऐकणाऱ्यालाही तेच हवे असते.

माणेकचौकातून आम्ही जामा मशिदीच्या प्रशस्त प्रांगणात आलो. १४२४ साली पुरी झालेली ही मशीद अडीचशेहून अधिक खांबांवर उभी आहे. तिचे मिनार मात्र १८१९ च्या भूकंपात पडले, आता त्यांचे बुंधे तेवढे उरले आहेत. येथे फेरी संपली. मंडळी पांगू लागली तेव्हा वाटाडा लेखकाजवळ येऊन म्हणाला, “साहेब, आता पाच मिनिटे पुढे चालत जा. तीन दरवाज्यात तुमच्या लोकांनी लिहून ठेवलेले एक वाक्य आहे. ते वाचल्याशिवाय जाऊ नका.”

तीन दरवाज्यातील शिळा

तीन दरवाजा म्हणजे भद्रच्या किल्ल्यासमोरील जुने प्रवेशद्वार, तीन कमानींचे. आज त्याच्या सभोवार कपड्यांची, चपलांची, खेळण्यांची दुकाने दाटली आहेत. त्याच्या दगडात १८१२ सालचा एक लेख आहे, मराठी अंमलदार चिमणाजी रघुनाथ यांच्या आज्ञेचा, देवनागरी अक्षरांत. अक्षरे सहज लागत नाहीत. आशय असा की, मुलीला पित्याच्या मिळकतीत तिचा वाटा बिनहरकत मिळावा. जो हे मोडील तो हिंदू असल्यास महादेवाला जबाब देईल आणि मुसलमान असल्यास अल्लाला वा रसूलाला.

मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली आणि केंद्राने २००५ साली. त्याच्या जवळजवळ दोन शतके आधी कोणी एका मराठी अधिकाऱ्याला ही गोष्ट बाजाराच्या तोंडाशी दगडात कोरून ठेवावीशी वाटली. त्या आज्ञेचे पालन किती झाले, हा वेगळा प्रश्न. परंतु ज्या अमलाने करांनी शहर पिळले, त्याच अमलाच्या एका माणसाने हेही लिहून ठेवले. अर्ध्या तासापूर्वी लेखकाची मान खाली गेली होती, ती आता ताठ व्हावयास हरकत नव्हती.

ती झाली नाही, याचे कारण खाजगी आहे. तरी ते सांगणे भाग आहे. लेखकाचा वडिलोपार्जित वाडा पुण्यात सदाशिव पेठेत होता. वडिलांच्या पश्चात तो विकासकाकडे गेला, तेव्हा दोघी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. कोणी जबरदस्ती केली नाही. कागद पुढे ठेवला गेला, पेन दिले गेले आणि ‘भावांशी का वाईटपणा घ्यायचा’ असे म्हणून दोघींनी सही केली. मराठी घरांतून हे इतके सवयीचे आहे की त्याला अन्याय म्हणताना आपलीच जीभ अडखळते. तीन दरवाज्यात, फेरीवाल्यांच्या गलक्यात, तो दगड समोर असताना ती दुपार आठवली. शाळेत स्त्रीशिक्षणावर भाषणे देणारा एक मनुष्य त्या दुपारी गप्प बसला होता.

आणखी एक गोष्ट त्याच वेळी लक्षात आली. तो वाडा पाडण्यापूर्वी आम्ही त्याचे मोजमाप घेतले नाही, नकाशा काढला नाही, धड छायाचित्रेही काढली नाहीत. चौकात एक हौद होता. त्यात पाणी कोठून येत असे, हे लेखकाला सांगता येत नव्हते. अहमदाबादच्या टाक्यातील पाण्याचा मार्ग मात्र त्याने त्या सकाळी कौतुकाने समजून घेतला होता.

चालण्याने काय होणार?

अशा फेरफटक्यांनी जुनी गावे वाचतील, असा भाबडा समज करून घेण्याचे कारण नाही. अहमदाबादच्या सुमारे साडेपाच चौरस किलोमीटरच्या जुन्या शहराला २०१७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. भारतातील शहरांत हा मान त्याला पहिल्याने मिळाला. परंतु पोळी रिकाम्या होत आहेत, हे त्या सकाळीही दिसत होते. मुले नदीपलीकडच्या नव्या वस्तीत राहावयास गेली, तळमजल्यावर गोदाम आले, वरच्या मजल्यावर एकटे म्हातारे माणूस उरले. कोरीव खांब, दारे, तुळया जुन्या वस्तूंच्या बाजारात जातात. कारणे पुण्याला अपरिचित नाहीत. मुंबई राज्याचा १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा दोन्ही शहरांना लागू होता. भाडी गोठली, मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला घर सोडवेना आणि दोघांच्या वादात छप्पर गळत राहिले. पुण्यात त्यावर १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराचा घाव बसला. नदीकाठच्या पेठांतील किती वाडे त्या एका दिवसात खचले!

मग घरमालकाला काय द्यावयाचे? अहमदाबादेत यादीतील जुन्या घराच्या मालकाला न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकता येतो आणि त्या पैशांतून दुरुस्ती करता येते, अशी सोय केली गेली. अशा सोयींत त्रुटी असतील, कज्जे होतील. पण ‘वारसा जपा’ असा उपदेश करून जपण्याचा सगळा खर्च एकट्या मालकाच्या माथी मारण्यापेक्षा हा मार्ग अधिक प्रामाणिक आहे. पाहुण्यांनीही एक मर्यादा पाळली पाहिजे. ओटल्यावर भाजी निवडणाऱ्या बा हा देखावा नव्हे. त्यांच्या दारात उभे राहायचे तर आधी विचारावे, हे आमच्या वाटाड्याने निघतानाच सांगितले होते.

तरीही चालण्याने एक गोष्ट निश्चित होते. माणसाला गाव वाचता येऊ लागते. ज्याला टाक्याची योजना कळली, तो टाके बुजवताना क्षणभर तरी थांबेल. आणि हे वाचन शिकवणारा मनुष्य पगारी वाटाड्याच असावा असे नाही. पुण्यात कसब्यापासून विश्रामबागवाड्यापर्यंत असे फेरफटके अधूनमधून निघतात, त्यांना गर्दीही होते. परंतु वाई, पैठण, सातारा, नाशिक, कोल्हापूर अशा प्रत्येक जुन्या गावात इतिहासाचा एक तरी शिक्षक आहे आणि रविवारची सकाळ आहे. वीस मुले घेऊन एक आळी पायी हिंडावयास परवानगीपलीकडे काहीही लागत नाही. दर वर्षी प्रत्येक मुलाने एका जुन्या घराची उंची, रुंदी, दारे, पाण्याची सोय आणि तेथील वृद्धांची आठवण एवढे जरी लिहून काढले, तरी दहा वर्षांत त्या गावाचे जे दप्तर तयार होईल, ते कोणत्याही सरकारी अहवालात मिळणार नाही. अट एकच : दंतकथेला दंतकथा म्हणावे आणि आपल्या पूर्वजांच्या हिशेबात जमेबरोबर खर्चही मांडावा. अहमदाबादच्या त्या तरुणाने एका पुणेकराला १७२५ सांगितले आणि १८१२ ही सांगितले. त्याने एकच सांगितले असते, तर तो एक तर प्रचारक ठरला असता किंवा खुशामतखोर.

पुण्यास परतल्यावर लेखकाने थोरल्या बहिणीला फोन केला आणि पेठेतून एक चक्कर मारावी म्हणून बोलावले. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. “आता तिथे काय उरलंय रे?” असे म्हणत ती आली. जुन्या वाड्याच्या जागी उभ्या असलेल्या इमारतीत वाहने लावण्याची जागा आहे. तेथे तिने पायांनी अंतर मोजले, एका खांबापाशी थांबली आणि म्हणाली, “हौद इथे होता.” कात्रजच्या तलावातून पेशव्यांनी आणलेल्या नळाचे पाणी आपल्या हौदात पडे, त्याच्या झाकणीतून आवाज येई आणि आजी त्यावरून वेळ ओळखत असे, हे तिने आम्हा भावंडांना प्रथमच सांगितले. विचारले असते तर तिने ते केव्हाही सांगितले असते. आम्ही विचारले नव्हते.

हक्कसोडपत्राचा विषयही त्या दिवशी निघाला, तो लेखकाने काढला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “इतक्या वर्षांनी का होईना, विचारलंस.” त्या कागदाचे पुढे काय करावयाचे, हे आता भावंडांनी बसून ठरवावयाचे आहे. वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते की पुढल्या सुटीत दूरच्या गावाची तिकिटे काढण्यापूर्वी एक सकाळ आपल्याच गावातील जुन्या आळीसाठी राखून ठेवावी आणि बरोबर घरातील सर्वांत वृद्ध माणसाला घ्यावे. वाटाडा म्हणून.